वर्गांतील व्हिडिओ-खेळ : एका शिक्षकाचें मत

गेल्या ऑगस्ट महिन्यांत आपल्या शाळेंत पालकांची सभा भरली होती, ती पुष्कळांच्या स्मरणांत असेल. सभेच्या प्रारंभीं एका कंपनीच्या प्रतिनिधीनें शिक्षणोपयोगी व्हिडिओ-खेळांचा एक संच पडद्यावर दाखविला. रंग सुरेख होते, संगीत मधुर होतें, आणि बेरीज बरोबर आली कीं पडद्यावरील पोपट पंखांनीं टाळ्या वाजवीत होता. प्रतिनिधि निघून गेल्यावर एक पालक उठून उभे राहिले व त्यांनीं विचारलें, "ग्रंथालयाकरितां जमविलेल्या निधींतून हे खेळ व टॅबलेट घेतले, तर मुलांचें गणित सुधारेल असें शिक्षकांस वाटतें काय?" मुख्याध्यापकांनीं माझ्याकडे पाहिलें. मी वीस वर्षें गणित शिकवीत आलों आहें; तथापि त्या वेळीं मला 'होय' म्हणवेना आणि 'नाहीं'ही म्हणवेना. मीं विचार करण्यास वेळ मागून घेतला. त्या प्रश्नाचें उत्तर, सहा महिन्यांच्या विलंबानें कां होईना, या अंकांत देत आहें.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. खेळ म्हणजे अभ्यासाचा शत्रु, असें मानणाऱ्या शिक्षकांपैकीं मी नव्हें. फ्रोबेल या जर्मन शिक्षणवेत्त्यानें १८४० सालीं आपल्या बालशाळेस 'किंडरगार्टन' हें नांव दिलें, आणि खेळांतून शिकविण्याची कल्पना जगभर पसरली. पंडिता रमाबाई १८८६ सालीं अमेरिकेस गेल्या, तेव्हां त्यांनीं ही पद्धति मुद्दाम अभ्यासिली. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं बोर्डी व पुढें कोसबाड येथें खडे, शिंपले, बिया, पानें अशा फुकटच्या वस्तूंवर बालशिक्षण उभें केलें. तेव्हां खेळ वर्गांत यावा कीं येऊं नये, हा वाद आपल्याकडे केव्हांच निकालांत निघाला आहे. प्रश्न एवढाच उरतो कीं, अमुक एक खेळ खेळून झाल्यावर मुलाच्या डोक्यांत काय शिल्लक राहतें.

संगणकावरील खेळ वर्गांत आणण्याची कल्पनाही कांहीं आजकालची नाहीं. १९७१ सालीं अमेरिकेंतील मिनिआपोलिस शहरीं डॉन रॅविच नांवाचा एक तरुण उमेदवार-शिक्षक आठवीच्या वर्गास इतिहास शिकवीत होता. एकोणिसाव्या शतकांत बैलगाड्यांतून पश्चिमेकडे ओरेगॉन प्रांतीं गेलेल्या वसाहतवाल्यांचा धडा त्यास शिकवावयाचा होता. त्यानें नकाशावर सोंगट्यांचा एक खेळ योजिला. बिल हाइनमन व पॉल डिलनबर्गर या त्याच्या दोघां सोबत्यांनीं त्याचा संगणक-खेळ बनविला. हाच तो 'द ओरेगॉन ट्रेल'. पडदा असा नव्हताच. दूरच्या संगणकास जोडलेलें टेलिटाइप यंत्र कागदावर मजकूर छापी व मुलें आपलें उत्तर टंकित करीत. बैलांवर किती पैसे खर्चावे, धान्य किती घ्यावें, काडतुसें किती, कपडे किती, हें सारें आधीं ठरवावें लागे. आणि हिशेब चुकला म्हणजे वाटेंत उपासमार किंवा रोग यांनीं प्रवास संपे. यांत मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही कीं, धडा आणि खेळ यांत फट नव्हती. प्रवासाचा विचार केल्यावांचून पुढें सरकतांच येत नव्हतें.

त्या खेळाचा दोषही सांगितला पाहिजे. खेळणारें मूल नेहमीं वसाहतवाल्याच्याच गाडींत बसे. ज्यांच्या भूमींतून ती गाडी जात होती त्या मूळ रहिवाश्यांच्या डोळ्यांनीं त्यास तो प्रवास कधीं दिसत नसे. पुढें २०२१ सालीं जी नवी आवृत्ति निघाली, तिच्याकरितां मूळ रहिवाश्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांचा सल्ला घेण्यांत आला. म्हणजे ही दुरुस्ती होण्यास पन्नास वर्षें लागलीं. पाठ्यपुस्तकांतील चूक शिक्षक फळ्यावर लागलीच दुरुस्त करूं शकतो. खेळांतील चूक त्याच्या हातांत नसते, हें खरेदी करतांना ध्यानांत ठेवावें.

१९८५ सालीं निघालेल्या कार्मेन सँडिएगोच्या खेळाविषयीं मला विशेष प्रेम आहे. त्यांत मुलांनीं एका चोरांच्या टोळीचा जगभर पाठलाग करावयाचा असे, आणि देशांचे ध्वज, चलन, शहरें यांवरून चोर कोठें पळाला तें ओळखावयाचें असे. खेळाच्या खोक्यांत संगणकाच्या तबकडीबरोबर एक जाडजूड वार्षिक कोशही येई! उत्तर पडद्यावर नसे. तें त्या कोशांत शोधावें लागे. खेळ मुलास ग्रंथाकडे धाडीत होता. ग्रंथालयाच्या निधीवर टांच आणणारा खेळ आणि हा खेळ, यांतील अंतर पालकांनीं स्वतःच मोजावें.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळतों. बाजारांतील बहुतेक खेळांत गणित एकीकडे असतें व मौज दुसरीकडे. दहा उदाहरणें सोडवा, मग मोटार पळवा. पुनः दहा सोडवा, मग पुनः मोटार. यास आपल्याकडे शर्करावगुंठित गोळी म्हणतात. मूल साखर चाटतें व गोळी थुंकून टाकतें, हें प्रत्येक आईस ठाऊक आहे. इंग्लंडांतील हॅबगुड व एन्सवर्थ या दोघां संशोधकांनीं २०११ सालीं या गोष्टीची नामी परीक्षा प्रसिद्ध केली. त्यांच्या खेळांत सांगाडे चाल करून येतात व प्रत्येकाच्या छातीवर एक संख्या असते. नायकापाशीं निरनिराळीं शस्त्रें; एक दोननें भागणारें, एक तीननें, याप्रमाणें. ज्या संख्येस ज्या शस्त्रानें पूर्ण भाग जातो त्याच शस्त्रानें तो सांगाडा पडतो. दुसऱ्या प्रकारांत हीच लढाई, परंतु संख्यांवांचून. भागाकाराचीं उदाहरणें प्रत्येक टप्प्याच्या शेवटीं वेगळीं दिलेलीं. सारखाच वेळ खेळूनही पहिल्या प्रकारानें मुलें अधिक शिकलीं. इतकेंच नव्हे, तर मोकळ्या वेळांत निवड करूं दिली असतां मुलांनीं पहिल्या प्रकारावर दुसऱ्याच्या सातपटीहून अधिक वेळ घालविला. ज्या खेळांत भागाकार हेंच शस्त्र होतें, तोच त्यांस अधिक आवडला.

हें वाचून मला आमच्याच वर्गांतील एक प्रसंग आठवला. दोन वर्षांपूर्वीं एका फुकट मिळालेल्या पाढ्यांच्या खेळांत पांचवींतील एका मुलानें सर्वांवर ताण केली. मीं कौतुकानें त्यास फळ्याजवळ बोलाविलें आणि विचारलें, "सात आठे किती?" तो गप्प. "नऊ सक?" तरी गप्प. मग मीं त्याच्या मागें उभा राहून खेळ पाहिला. पडद्यावर तीन उत्तरें पडत. चुकीच्या उत्तरास स्पर्श केल्यास दंड नव्हता, आणि वेगास बक्षीस होतें. हा हुशार गडी डोळ्याचें पातें लवतें न लवतें तों तिन्ही उत्तरांवर बोट फिरवी. त्यानें कांहीं लबाडी केली असें मी म्हणणार नाहीं. खेळानें जें शिकविलें तेंच तो शिकला होता, आणि तें पाढे नव्हते.

याच्या उलट उदाहरण साध्या पुठ्ठ्याचें आहे. अमेरिकेंतील रमाणी व सीग्लर यांनीं २००८ सालीं गरीब घरांतील चार-पांच वर्षांच्या मुलांबरोबर एका ओळींत एक ते दहा अंक लिहिलेला पट खेळून पाहिला. सुमारें पंधरा मिनिटांचा एक, असे चारच डाव दोन आठवड्यांत झाले. अंकांऐवजीं नुसते रंग असलेल्या पटावर खेळणाऱ्या मुलांपेक्षां या मुलांची संख्यांची समज स्पष्टपणें वाढली, आणि नऊ आठवड्यांनीं पाहिलें तरी ती टिकून होती. पुढें २०१४ सालीं लास्की व सीग्लर यांनीं शंभरपर्यंतच्या पटावर आणखी एक बारीक गोष्ट दाखविली. सोंगटी पस्तिसाच्या घरावर आहे व दान दोनाचें पडलें, तर मुलानें 'छत्तीस, सदतीस' असें म्हणत पुढें जावें. तरच फायदा होतो. 'एक, दोन' म्हणत गेलें तर होत नाहीं. आतां आपल्या घरोघरीं सापशिडी कशी खेळतात तें आठवा. सहाचें दान पडलें कीं 'एक, दोन, तीन, चार, पांच, सहा'! शंभर घरें ओलांडूनही मुलाच्या तोंडून सहाच्या पुढचा अंक निघत नाहीं. आज रात्रीं जेवण झाल्यावर ही एक सुधारणा कोणाही पालकास करतां येईल. तिला टॅबलेट लागत नाहीं, वीजही लागत नाहीं.

येथें ओघास आलें म्हणून सांगतों. जे खेळ इंग्रजींतून मराठींत उतरविले जातात त्यांस आपले अंक बोलतां येत नाहींत. इंग्रजींत २९ म्हणतांना प्रथम वीस व मग नऊ कानांवर येतात. आपल्या 'एकोणतीस'मध्यें नऊ हा शब्द मुळींच नाहीं. 'तीसाला एक उणा' हा त्याचा अर्थ आहे, आणि तो अर्थ उलगडून सांगण्यांत एक सुंदर वजाबाकी दडलेली आहे. भाषांतरित खेळ या जागीं नुसता आवाज बदलतो व पुढें जातो.

आपल्या देशांत या बाबतींत जे प्रयोग झाले त्यांकडे पालकांचें लक्ष मी मुद्दाम वेधूं इच्छितों, कारण ते आपल्यासारख्याच शाळांत झाले आहेत. गुजरात सरकारनें २००० सालीं वडोदऱ्याच्या महापालिका शाळांस प्रत्येकीं चार संगणक दिले. दोन वर्षांनीं 'प्रथम' या संस्थेनें पाहणी केली, तों प्राथमिक वर्गांतील मुलांच्या हातीं त्यांपैकीं फारच थोडे लागत होते. (कपाटाची किल्ली कोणाकडे असते, हा आपल्याही शाळेंतील एक जुना विषय आहे.) मग 'प्रथम'नें चौथीच्या मुलांकरितां गणिताचे खेळ घातले. आठवड्यास दोन तास, एका संगणकापुढें दोन मुलें. आणि मुलाच्या तयारीप्रमाणें उदाहरणें सोपीं वा कठीण होत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांचे सहकारी यांनीं त्याचा हिशेब २००७ सालीं प्रसिद्ध केला. गणिताचे गुण पहिल्या वर्षीं चांगले वाढले, दुसऱ्या वर्षीं त्याहून अधिक. एवढें ऐकून जे टाळ्या वाजवितील त्यांनीं पुढचें पान वाचावें : खेळ बंद झाल्यावर एका वर्षानें त्या फायद्याचा थोडासाच अंश उरला होता. त्याच निबंधांत 'बालसखी'चाही हिशेब आहे. मुंबई व वडोदरा येथें वस्तींतीलच एखाद्या शिकलेल्या तरुणीस नेमून, मागें पडलेल्या मुलांस लहान गटांत वाचन व अंक शिकविण्यास सांगितलें. गुणांतील वाढ संगणकाच्या मानानें कमी होती. परंतु खर्च दर मुलामागें इतका कमी होता कीं, पैशाच्या तुलनेंत बालसखीच सरस ठरली. आमच्या निधीचा आंकडा ज्यांस ठाऊक आहे त्यांनीं ही ओळ दोनदां वाचावी.

दुसरा प्रयोग मला याहूनही बोधप्रद वाटतो. गुजरातेंतील 'ज्ञानशाळा' या संस्थेच्या वर्गांत ली लिंडेन यांनीं संगणकाचा एकच कार्यक्रम दोन रीतींनीं चालविला. एके ठिकाणीं तो शाळेच्या वेळांत, म्हणजे शिक्षिकेच्या तासांतून वेळ काढून. दुसऱ्या ठिकाणीं शाळेच्या वेळेबाहेर, शिकविण्यास जोड म्हणून. पहिल्या रीतीनें मुलें मागें पडलीं, दुसरीनें पुढें गेलीं. यंत्र तेंच, खेळ तेच. शिक्षिकेची जागा घेतली कीं तोटा, आणि तिच्या पाठीशीं उभें राहिलें कीं नफा! सभेंत त्या प्रतिनिधीनें 'शिक्षकांचा भार हलका होईल' असें जें आश्वासन दिलें, त्यानेंच मला सर्वांत अधिक सावध केलें.

दिल्लींत २०१७ पूर्वीं झालेल्या एका प्रयोगाचाही उल्लेख करतों. तेथें दोनशेंहून अधिक बालवर्गांतील मुलांबरोबर ठिपक्यांच्या समूहांची तुलना, आकृत्यांची ओळख असे खेळ चार महिने खेळले गेले. एक वर्ष लोटल्यावरही त्या मुलांची राशींची व आकृत्यांची स्वाभाविक समज अधिक होती. परंतु पहिलीच्या वर्गांत जें लेखी गणित येतें, त्यांत त्यांस पुढें कांहीं लाभ दिसला नाहीं. खेळ वाईट नव्हता. खेळापासून वहीपर्यंत पूल बांधावा लागतो, आणि तो आपोआप बांधला जात नाहीं, इतकाच त्याचा अर्थ. बीजगणिताच्या एका गाजलेल्या नॉर्वेजियन खेळाविषयींही तेंच आढळलें. मुलांनीं त्यांत आनंदानें पुष्कळ कोडीं सोडविलीं, परंतु कागदावरील समीकरणांत साध्या शिकवणी-कार्यक्रमावर अभ्यास करणारीं मुलें त्यांच्या पुढें होतीं.

आतां माझ्या स्वतःच्या चुकीविषयीं लिहिणें प्राप्त आहे. मागल्या वर्षीं मीं सहावीकरितां भागाकाराचा एक बरा खेळ शोधून काढला. उत्साहाच्या भरांत दर शुक्रवारीं गुणांची यादी करून मी ती वर्गाच्या दारावर चिकटवूं लागलों. वरच्या पांच नांवांपुढें तारे. मुलें दारापाशीं गर्दी करीत व मला धन्य वाटे. कांहीं आठवड्यांनीं एका मुलीची आजी मला फाटकाशीं भेटली. "मास्तर," ती म्हणाली, "आमच्या पोरीला नेमका शुक्रवारींच ताप कसा येतो?" मीं त्या मुलीस बोलावून घेतलें. ती यादींत शेवटची होती. तिच्या घरीं एकच मोबाइल, आणि तो वडिलांबरोबर कामावर जाई. तेव्हां इतरांप्रमाणें तिला घरीं सराव करतां येत नसे. तिनें भीत भीत आपली वही पुढें केली. शाळेच्या संगणकावर जीं उदाहरणें दिसत तीं ती वहीच्या मागल्या पानांवर उतरवून घेई व घरीं कंदिलाच्या नव्हे, पण जिन्यांतल्या दिव्याच्या उजेडांत सोडवी. चाळीसांवर भागाकार होते. मीं उभ्या उभ्या तपासले. दोनच चुकले होते. "सर, माझें नांव यादींत लिहिलें नाहीं तर चालेल का?" असें तिनें विचारलें.

त्या दिवशीं मीं यादी काढून टाकिली. परंतु ज्या मुलीस भागाकार वर्गांतील कित्येकांपेक्षां चांगला येत होता, तिला मीं सात शुक्रवार सर्वांसमक्ष सर्वांत मागें उभें केलें होतें, हें कांहीं त्यामुळें पुसलें गेलें नाहीं. खेळानें बोटांचा वेग मोजला आणि मीं त्यास ज्ञान समजून दारावर लावलें. गुण देण्याचें काम एकदां यंत्राकडे सोंपविलें म्हणजे शिक्षक वही उघडण्याचें विसरतो. निदान मी तरी विसरलों.

डोळ्यांचा ताण, जाहिराती, मुलांची माहिती कोठें जाते हे प्रश्न, यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे व तें बहुतांशीं योग्य आहे. त्याची पुनरुक्ति करीत नाहीं. जाहिराती असलेला खेळ शाळेंत घेऊं नये, एवढें बोलून तो विषय सोडतों.

तर सभेंतील त्या पालकांस माझें उत्तर असें. खेळ जरूर आणावा, पण तो विकत घेण्यापूर्वीं शिक्षकानें स्वतः खेळून पाहावा. आणि मुद्दाम चुकून पाहावा, कारण चुकल्यावर खेळ काय करतो यावरून त्याची परीक्षा होते. नुसता भोंगा वाजवितो, कीं चूक कोठें झाली तें दाखवितो? विषय न येतां तो जिंकतां येत असेल तर तो सोडून द्यावा. तो शिक्षकाच्या तासांतून वेळ मागत असेल तर देऊं नये. शाळा सुटल्यावर मागत असेल तर आनंदानें द्यावा. आणि तीन आठवड्यांनीं, पडदा दूर ठेवून, वहींत परीक्षा घ्यावी. ज्या मुलाच्या घरीं यंत्र नाहीं त्यास त्या परीक्षेंत मागें पडावें लागूं नये, ही अट मात्र मी कोणत्याही परिस्थितींत सोडणार नाहीं. ग्रंथालयाचा निधि ग्रंथालयाकडेच राहावा, असेंही माझें स्पष्ट मत आहे. वर्गणी देणाऱ्यांनीं ती पुस्तकांकरितां दिली आहे.

शाळासमितीनें हें मत तूर्त मान्य केलें आहे. आपल्याकडील चार जुने संगणक दुरुस्त करून घेतले असून डिसेंबरपासून दर बुधवारीं शाळा सुटल्यावर सहावीचीं मुलें, एका संगणकापुढें दोघें, भागाकाराचा खेळ खेळतात. नववीच्या विद्यार्थ्यांनीं पुठ्ठ्यावर शंभर घरांचे बारा पट तयार केले आहेत. ते बालवर्गास दिले. सहावीची वहींतील पहिली परीक्षा जानेवारींत झाली. तीन मुलें खेळांत पुढें व वहींत मागें आढळलीं. त्यांस मी मधल्या सुटींत बोलावून घेत आहें. वह्या शिक्षकांच्या खोलींत ठेविल्या आहेत. ज्या पालकांस त्या पाहावयाच्या असतील त्यांनीं कोणत्याही शनिवारीं दहा ते बारा या वेळांत यावें. आणि बुधवारीं आल्यास आपल्या मुलाशेजारीं बसून एक डाव खेळण्यासही हरकत नाहीं.